टिळकांचे बेळगावचे भाषण आणि आरोपीचा खुलासा

१ मे १९१६ रोजी लोकमान्य टिळकांनी बेळगावात स्वराज्यावर मराठीत भाषण केले. त्यांची होमरूल लीग तीनच दिवसांपूर्वी याच गावी स्थापन झाली होती. हे भाषण आणि पाठोपाठची अहमदनगरची दोन भाषणे यांवरून सरकारने त्यांना नोटीस बजावली, तीही २३ जुलैला, वयाची साठ वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी.

रत्नागिरीत १८५६ साली जन्मलेले टिळक १८७९ साली कायद्याचे पदवीधर झाले; पुढे पुण्यात त्यांनी कायद्याचे वर्गही चालवले. परकी सत्ता त्यांना मान्य नव्हती, पण तिच्या फौजदारी संहितेने आरोपीला दिलेला एकही हक्क ते सोडत नसत. त्या संहितेचे कलम ३४२ असे होते : पुराव्यात आरोपीविरुद्ध जे दिसते त्याचा खुलासा करता यावा म्हणून न्यायालयाने त्याला प्रश्न विचारावेत, त्याला शपथ देऊ नये, उत्तर नाकारल्याबद्दल शिक्षा करू नये.

१९०८ च्या राजद्रोह खटल्यात झडतीत एक कार्ड सापडले होते. त्यावर स्फोटकांविषयीच्या दोन पुस्तकांची नावे होती. स्फोटकांच्या नव्या कायद्यावर लिहिण्यासाठी ती टिपली, असा खुलासा टिळकांनी केला आणि सोबत वृत्तपत्रांचे अंक दाखल केले. आरोपीने पुरावा दिला की शेवटचे भाषण सरकारी वकिलाचे, हा नियम मग त्यांच्यावर उलटला. स्वतःच्या बचावासाठी ते एकवीस तास बोलले, पण अखेरचा शब्द त्यांचा नव्हता. ज्यूरीतील नवांपैकी सात युरोपीय. मराठी लेख त्यांच्यापुढे गेले ते इंग्रजी भाषांतरातून. सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले आणि सहा वर्षे मंडालेत गेली. ऐकून घेतले, पण समजून घेतले असे म्हणवत नाही.

१९१६ मध्येही न्यायालयापुढे भाषांतरच होते. बॅरिस्टर जिना यांनी बाजू मांडूनही पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने २०,००० रुपयांचा जातमुचलका आणि प्रत्येकी १०,००० चे दोन जामीन मागितले. ९ नोव्हेंबरला उच्च न्यायालयात न्या. बॅचलर व न्या. शहा यांनी तो हुकूम रद्द केला. सुटी वाक्ये न वेचता संपूर्ण भाषणाचा परिणाम पाहावा, ही भूमिका निर्णायक ठरली.

१ ऑगस्ट १९२० रोजी टिळक निवर्तले. कलम ३४२ पुढे ३१३ झाले, आता ते ३५१ आहे. निपाणीच्या मराठी आरोपीला कन्नड साक्ष कळत नसेल, तर ती त्याला समजणाऱ्या भाषेत भर न्यायालयात सांगावी, हेही आजच्या संहितेत लिहिलेले आहे.