कार्पेटसाहेब

(द्वितीय वर्ष, कला)

कुमाऊँच्या पहाडी लोकांच्या जिभेवर कॉर्बेट हे नाव नीट बसत नसे. ते म्हणत कार्पेटसाहेब. पुढे सगळ्या जगाने त्यांना जिम कॉर्बेट म्हणून ओळखले, राष्ट्रीय उद्यानाला त्यांचे नाव दिले. पण ज्या बायाबापड्यांसाठी ते रात्र-रात्र झाडावर बसले त्यांच्यासाठी ते शेवटपर्यंत कार्पेटसाहेबच राहिले.

त्यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनितालला झाला. वडील तिथले पोस्टमास्तर. घर इंग्रजी-आयरिश वळणाचे, पण बडे साहेब म्हणावे असे मुळीच नव्हे. जिम सहा वर्षांचे होण्याच्या सुमारास वडील वारले आणि मोठ्या लटांबराचा संसार आईच्या अंगावर पडला. या मेरी जेन बाईंचा पहिला नवरा १८५७ च्या उठावात मारला गेला होता. दुसऱ्यांदा वैधव्य आल्यावर त्या रडत बसल्या नाहीत. नैनितालला उन्हाळ्यात येणाऱ्या साहेबलोकांना घरे भाड्याने मिळवून देण्याचा धंदा त्यांनी चालवला. उन्हाळा नैनितालच्या गर्नी हाऊसमध्ये आणि हिवाळा खाली तराईच्या काठावरच्या कालाढुंगीत, असे या कुटुंबाचे वर्षाचे दोन भाग असत. कालाढुंगीला अंगणाच्या पलीकडेच जंगल सुरू होई.

जिमची खरी शाळा तिथेच भरली. थोरला भाऊ टॉम याने प्रथम बेचकी हातात दिली. पुढे पक्ष्यांवर पुस्तक लिहिणाऱ्या डीस नावाच्या गृहस्थांना नमुन्यासाठी पक्षी आणून दिल्याबद्दल एक ठासणीची दुनळी बंदूक मिळाली. तिची एक नळी फुटलेली होती आणि बंदूक तारेने आवळून बांधलेली होती. मग कुंवरसिंग भेटला. हा चोरून शिकार करणारा माणूस. कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार, पण जिमचा गुरू! जंगलात पाऊल कसे टाकावे, एकटे असताना घाबरून कसे जाऊ नये, हे त्याने शिकवले. पुढे अफूच्या व्यसनाने मरायला टेकलेल्या या गुरूला जिमनीच धीर देऊन उठवले.

या मुलाला नाद होता तो आवाजांचा. चितळ कोणाला पाहून ओरडते, भेकर का भुंकते, वानर झाडाच्या शेंड्यावरून कशाची वर्दी देते, हे तो ऐकत राही. वाघ दिसत नसला तरी तो कोणत्या बाजूने कुठे चालला आहे, हे इतर जनावरांच्या ओरडण्यावरून त्याला कळे. शिवाय तो हे आवाज हुबेहूब काढी. बिबट्याला बिबट्या वाटावा आणि वाघिणीला वाघ वाटावा, इतकी ती नक्कल पक्की होती. पुढे हीच नक्कल त्यांच्या कामाला आली, ते ओघाने सांगेनच.

कॉलेजचे शिक्षण मात्र त्यांना मिळाले नाही. इंजिनियर व्हायची इच्छा होती, पण पैसा नव्हता. विशीच्या आतच रेल्वेच्या नोकरीत शिरून इंजिनासाठी लाकूडफाटा तोडून घेण्याचे काम पत्करावे लागले. आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच असल्यामुळे असेल, पण चरित्रातला हा भाग मी दोनदा वाचला.

नंतरची वीस-बावीस वर्षे त्यांनी बिहारात गंगेकाठी मोकामा घाटावर काढली. त्यांच्यावर लिहिणारे हा काळ भराभर ओलांडून वाघांकडे धावतात. मला मात्र तो फार महत्त्वाचा वाटतो. एका मापाच्या रेल्वेतून उतरलेला माल नदीपार नेऊन दुसऱ्या मापाच्या रेल्वेत चढवायचा, हे तिथले काम. वर्षाला सुमारे पाच लाख टन माल, तोही सगळा डोक्यावरून आणि पाठीवरून! कॉर्बेट ठेकेदार होते. सुरुवातीला रेल्वेकडून तीन महिने पैसाच आला नाही, तेव्हा मजूर एक वेळ जेवून काम करीत राहिले आणि साहेबही त्यांच्यासारखेच एक वेळ जेवले. स्टेशनमास्तर रामसरन यांच्या साह्याने त्यांनी मजुरांच्या मुलांसाठी शाळा काढली. तिथे अडचण आली ती जातीची. वरच्या जातीची मुले खालच्या जातीच्या मुलांबरोबर एका घरात बसणार कशी? रामसरननी तोड काढली. त्यांनी शाळेच्या भिंतीच काढून टाकल्या. एका घरात बसणे चालत नसले, तरी नुसत्या छपराखाली बसायला कोणाची हरकत राहिली नाही! वीसेक मुलांची ती शाळा पुढे शेकडोंची झाली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या चमारी नावाच्या मजुराला कॉर्बेटनी मुकादम केले होते. तो पटकीने गेला तेव्हा वरच्या जातीची माणसेही त्याच्या अंत्ययात्रेला आली.

आता वाघांकडे वळू. १९०७ साली कॉर्बेटनी चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. नेपाळात दोनशे माणसे खाल्ल्यावर तिला तिथून हाकलून लावले होते, आणि कुमाऊँत येऊन तिने एकूण आकडा ४३६ वर नेला. कॉर्बेटनी सरकारला दोन अटी घातल्या : तिच्यावरचे बक्षीस रद्द करावे आणि बाकीचे शिकारी परत बोलवावेत. पैशासाठी मारतो असे कोणी म्हणू नये, हे पहिलीचे कारण. आणि दुसऱ्याची गोळी चुकून आपल्याला लागू नये, हे दुसरीचे. दोन्ही मला पटतात.

या वाघिणीची शेवटची बळी सोळा-सतरा वर्षांची मुलगी होती. त्या भागातल्या नरभक्षकांची हकिगत वाचताना एक गोष्ट सारखी नजरेत भरते. मेलेल्यांत बायका फार. गवत कापायला, जळण गोळा करायला, गुरांसाठी झाडाचा पाला ओरबाडायला बाईच जाते. घरात कोणी कितीही भ्यालेले असो, चूल आणि गोठा थांबत नाही. एका गावात कॉर्बेटना एक मुकी बाई भेटली. तिच्या बहिणीला वाघिणीने तिच्या डोळ्यांदेखत उचलले होते. ही विळा घेऊन वाघिणीच्या मागे धावली, मग गावाकडे पळत आली आणि जे घडले ते सांगायला तोंड उघडते तर आवाजच फुटेना. वर्षभर ती बोलली नव्हती. वाघीण मेल्यावर कॉर्बेट वाट वाकडी करून तिच्या गावी गेले आणि तिला ते कातडे दाखवले. ती ओरडत गावभर धावत सुटली, नवऱ्याला आणि लोकांना हाका मारू लागली. तिची वाचा परत आली होती.

कातडे सोलण्यापूर्वी कॉर्बेटनी वाघिणीचा जबडा पाहिला. उजवीकडचे वरचे आणि खालचे दोन्ही सुळे मोडलेले होते. कोणीतरी पूर्वी झाडलेल्या गोळीने ते मोडले होते. सुळ्यांवाचून हरणाला धरून ठेवता येईना, म्हणून ती माणसाकडे वळली. पुढे त्यांनी मारलेल्या कितीतरी नरभक्षकांच्या अंगावर अशाच जुन्या जखमा सापडल्या, कुठे गोळीच्या, कुठे साळिंदराच्या काट्यांच्या. वाघ हा स्वभावाने माणूसखाऊ नाही, माणसाच्याच अर्धवट गोळीने तो तसा होतो, हे कॉर्बेटनी लोकांच्या मनावर ठसवले.

बिबट्याची गोष्ट निराळी. त्याला माणसाची चटक लागते ती साथीच्या काळात. १९१८ च्या इन्फ्लुएन्झात गढवालात इतकी माणसे मेली, की प्रेते जाळणे जमेना. तोंडात निखारा ठेवायचा आणि प्रेत दरीत लोटून द्यायचे. बिबट्यांनी ती खाल्ली. साथ संपली तरी त्यांपैकी एक थांबला नाही. हाच रुद्रप्रयागचा बिबट्या. केदारनाथ-बद्रीनाथच्या यात्रेच्या वाटेवर १९१८ ते १९२६ या आठ वर्षांत त्याने १२५ माणसे मारली असे सरकारी कागद सांगतात. विलायतेच्या पार्लमेंटातही त्याच्याबद्दल प्रश्न विचारले गेले. सूर्य बुडाला की सगळ्या मुलखाची दारे बंद! आमच्या जुन्नर भागात उसात बिबट्या निघतो, सांजेला आई अंगणातून पोरांना आत ओढते, रात्री पाण्याची पाळी असली की दोघे-तिघे मिळून जातात. म्हणून ते बंद दार मला समजते. पण आठ वर्षे?

त्या बिबट्यासाठी कॉर्बेट अलकनंदेवरच्या झुलत्या पुलाच्या मनोऱ्यावर वीस रात्री बसले. विष, सापळे, सगळे करून पाहिले. शेवटी गुलाबराय इथे यात्रेच्या वाटेवरच्या आंब्यावर ठाण मांडले, खाली गळ्यात घंटा बांधलेली शेळी. दहा रात्री फुकट गेल्या. अकराव्या रात्री घंटा वाजली, विजेरीचा एक झोत पडला, गोळी सुटली आणि विजेरी विझली. सकाळी पाहिले तर म्हातारा नर, दात झिजलेले. कॉर्बेटना त्याच्याबद्दल राग वाटला नाही. निसर्गाच्या कायद्याने त्याने काहीच चूक केली नव्हती, असेच त्यांनी पुढे लिहिले.

मग नकलेची गोष्ट. ३० नोव्हेंबर १९३८. वय ६३. ठाक गावची वाघीण शेवटच्या दिवसापर्यंत हाती लागेना. ती नराच्या शोधात हाका देत फिरते आहे, हे ऐकून कॉर्बेट उजेड संपत आला असता एका खडकाच्या आडोशाला बसले आणि नर वाघासारखी हाक दिली. तिने उत्तर दिले. हाकेला हाक देत ती अगदी जवळ आली. ही त्यांची शेवटची नरभक्षकाची शिकार. खरे सांगायचे तर हा प्रसंग वाचून मला आनंद झाला नाही. जोडीदाराच्या हाकेला ओ देत आलेली ती वाघीण! पण तिने मारलेल्या माणसांची घरेही होतीच, आणि ठाकचे लोक घरदार सोडून पळाले होते.

कॉर्बेट साधुपुरुष नव्हते, हेही लिहिले पाहिजे. १९३० साली त्यांनी पोवलगढचा प्रचंड वाघ मारला. तो नरभक्षक नव्हता. केवळ मोठा होता. व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्यासारख्या पाहुण्यांच्या शिकारीची व्यवस्थाही ते करीत. इंग्रजी राज्यावर त्यांची निष्ठा होती. १९१७ साली पाचशे कुमाऊँनी माणसे मजूर तुकडीत घालून ते फ्रान्सच्या युद्धभूमीवर घेऊन गेले, आणि दुसऱ्या महायुद्धात छिंदवाड्याला सैनिकांना जंगलात कसे राहावे ते शिकवले. त्यांच्या मनात शिकारी आणि जंगलाचा राखणदार हे दोघे बरीच वर्षे शेजारी-शेजारी राहिले. हळूहळू बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली. फिल्म घेण्याच्या यंत्राची घरघर वाघाला ऐकू जाई, म्हणून त्यांनी एका ओढ्यावर छोटे-छोटे बांध घातले. पाणी खळखळू लागले आणि घरघर त्यात बुडाली. १९३६ साली भारतातले पहिले राष्ट्रीय उद्यान झाले, त्यामागे त्यांचीही खटपट होती. तेव्हा त्याला गव्हर्नर हेली यांचे नाव होते.

कालाढुंगीजवळ छोटी हल्द्वानी हे गाव त्यांनी १९१५ च्या सुमारास विकत घेऊन वसवले. रानडुकरे आणि हरणे पीक ठेवीनात, तेव्हा गावाभोवती कित्येक मैलांची दगडी भिंत घातली. रात्रीची जागल करून ज्यांच्या घरातली माणसे पेंगलेली असतात, त्यांना या भिंतीची किंमत वेगळी सांगायला नको. बहीण मॅगी त्यांच्या सोबत असे. दोघांनीही लग्न केले नाही. घराच्या व्हरांड्यात मॅगीबाई गावकऱ्यांना औषधपाणी देत.

पुस्तके आली ती साठीनंतर. १९४४ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने ‘मॅनईटर्स ऑफ कुमाऊँ’ काढले ते आपल्या मुंबईहून. त्याचे उत्पन्न युद्धात आंधळ्या झालेल्या भारतीय सैनिकांच्या संस्थेला देण्यात आले. पुस्तक जगभर गेले. १९४८ साली हॉलिवूडने त्या नावाचा चित्रपटही काढला, पण त्यात कॉर्बेटच्या कथांचे फारसे काही नव्हते. माझ्या मते त्यांचे सर्वांत चांगले पुस्तक १९५२ चे ‘माय इंडिया’. त्यात वाघ थोडे आणि गरीब माणसे फार.

नोव्हेंबर १९४७ मध्ये भाऊ-बहीण भारत सोडून केनियाला गेले. जिथे बहात्तर वर्षे काढली तो देश त्यांनी का सोडला? नव्या राज्यात आपल्यासारख्यांना जागा राहणार नाही अशी धास्ती असावी, असे बहुतेक चरित्रकार म्हणतात. ती धास्ती अनाठायी होती असे मला वाटते. निदान छोटी हल्द्वानीत तरी त्यांना कोणी परके म्हटले नसते. तिथली जमीन त्यांनी कसणाऱ्या कुळांच्या नावे केली. आपल्याकडे कूळकायदा आला तो १९४८ साली.

केनियात न्येरी गावी एका लहान बंगलीत दोघे राहिले. फेब्रुवारी १९५२ मध्ये राजकन्या एलिझाबेथ ट्रीटॉप्स या झाडावरच्या घरात जनावरे पाहायला आल्या, तेव्हा ७६ वर्षांचे कॉर्बेट सोबतीला होते. त्याच रात्री तिकडे इंग्लंडात सँड्रिंगहॅमला त्यांचे वडील वारले आणि त्या झाडावर असतानाच राणी झाल्या. या मुक्कामावर लिहिलेले छोटे पुस्तक कॉर्बेटचे शेवटचे ठरले. १९ एप्रिल १९५५ रोजी ते गेले. न्येरीच्या चर्चच्या आवारात त्यांना पुरले. मॅगीबाई १९६३ साली वारल्या.

कॉर्बेट गेल्यावर दोनेक वर्षांत उद्यानाला त्यांचे नाव मिळाले, आणि १९७३ साली व्याघ्र प्रकल्पाचा आरंभ तिथूनच झाला. १९६८ मध्ये इंडोचायनातल्या वाघाच्या उपजातीला एका शास्त्रज्ञाने त्यांचे नाव दिले. कालाढुंगीचे घर आता संग्रहालय आहे. गुलाबरायला, जिथे तो बिबट्या पडला, तिथे दरवर्षी मे महिन्यात जत्रा भरते.