शेतकऱ्याचं पोर, मास्तरीणबाईंचा लेक : पाब्लो एस्कोबार असा बिघडला

दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात, मेडेयिन शहराजवळच्या रिओनेग्रो इथं १ डिसेंबर १९४९ रोजी पाब्लो एस्कोबारचा जन्म झाला. वडील शेतकरी, आई शाळेत शिक्षिका. सात भावंडांत पाब्लो तिसरा. तेव्हा तिकडं दोन राजकीय पक्षांच्या समर्थकांत रक्तपात सुरू होता, खेडोपाडी माणसं मारली जात होती. त्याचं बालपण याच काळात गेलं.

पुढं मेडेयिनला लागून असलेल्या एन्विगादोत तो वाढला. घरात श्रीमंती नव्हती, पण शिक्षणाची वाट बंद नव्हती. तो कॉलेजातही गेला, मात्र पदवी न घेताच बाहेर पडला. पैसा झटपट हवा होता. चोरट्या सिगारेटी, बनावट लॉटरी तिकिटं, गाड्यांची चोरी असं करत करत तो कोकेनपर्यंत पोहोचला. १९७६ मध्ये माल सापडून अटक झाली, पण खटला टिकला नाही. तिथून त्याची भीडच चेपली.

नंतर त्यानं गरिबांना घरं बांधून दिली, १९८२ मध्ये संसदेतही शिरकाव केला. त्याच माणसाच्या टोळीनं १९८९ मध्ये बॉम्बनं विमान उडवलं. त्यातले सगळे १०७ जण ठार झाले.

२ डिसेंबर १९९३ रोजी, चव्वेचाळीसावा वाढदिवस होऊन एकच दिवस झाला असताना, मेडेयिनमध्ये पोलीस कारवाईत तो मारला गेला. दुसऱ्यांची पोरं शिकवणाऱ्या आईवर स्वतःच्या पोराला मूठमाती द्यायची वेळ आली.