ग्रेस हॉपर : वहीत उतरवलेल्या कोडपासून कोडच्या लायब्ररीपर्यंत

फोनवर टर्मक्स टाकून कधी खेळला असाल तर एक गोष्ट नक्की लक्षात आली असेल. आपण एक छोटंसं नाव टाइप करतो, एंटर मारतो आणि शेल त्या नावाचा प्रोग्रॅम शोधून चालवतो. मोजक्या कमांड सोडल्या तर शेलला स्वतःला फारसं काही येत नाही. फाइल्सची यादी दाखवणारा प्रोग्रॅम वेगळा, कॉपी करणारा वेगळा. नवीन काही हवंय? पॅकेज किंवा प्लगइन टाका, आधीच्याला हात लावायची गरज नाही.

तुकडे एकदाच लिहायचे, त्यांना ओळख द्यायची आणि ते जोडायचं काम मशीनवर सोडायचं. आज हे इतकं साधं वाटतं. पण १९५० च्या आसपास असं काही बोललं की लोक हसायचे. ज्यांनी हा विचार तरीही रेटून नेला, त्यात ग्रेस हॉपर यांचं नाव वरचं आहे.

जन्म न्यूयॉर्कचा, ९ डिसेंबर १९०६. सात वर्षांच्या असताना अलार्मचं घड्याळ आतून कसं चालतं हे बघायला त्यांनी ते उघडलं. परत जोडता येईना म्हणून दुसरं उघडलं, मग तिसरं. आईच्या लक्षात येईपर्यंत घरातली सात घड्याळं सुटी झाली होती! पुढे वासर कॉलेज, मग येल विद्यापीठातून १९३४ मध्ये गणिताची डॉक्टरेट, आणि वासरलाच प्राध्यापकी. सगळं सुरळीत चाललेलं.

मग दुसरं महायुद्ध आलं. नौदलात जायचं त्यांनी ठरवलं, पण वय जास्त भरलं आणि वजन नियमापेक्षा जवळजवळ ७ किलो कमी. खास सवलत मिळवून त्या भरती झाल्या, आणि १९४४ मध्ये त्यांची नेमणूक झाली हार्वर्डला, हॉवर्ड एकेन यांच्या मार्क १ या मशीनवर. ५१ फूट लांबीचं हे धूड सेकंदाला तीन बेरजा करायचं. सूचना द्यायच्या त्या कागदी पट्टीला भोकं पाडून.

इथे असलेली मंडळी एक गोष्ट करायची जी आपण आजही करतो. कोणी एखादा चालणारा कोड लिहिला, समजा साइन काढायचा, तर बाकीचे तो आपल्या वहीत उतरवून घ्यायचे. कॉपी-पेस्टच, फक्त पेन्सिलने. मॉथची गोष्ट याच टीमची. १९४७ मध्ये मार्क २ च्या रिलेत एक पतंग सापडला आणि तो लॉगबुकमध्ये चिकटवला गेला. ‘बग’ हा शब्द हॉपरबाईंनी शोधला असं फॉरवर्ड तुम्हालाही आलं असेल. ते चुकीचं आहे, इंजिनिअर लोक तो शब्द कितीतरी आधीपासून वापरत होते.

युद्ध संपलं, घटस्फोट झाला होता, हार्वर्डला कायमची जागा मिळाली नाही. या वर्षांत दारूचा त्रासही वाढला होता. १९४९ मध्ये त्या फिलाडेल्फियाच्या एकर्ट-मॉकली कंपनीत गेल्या. तिथे युनिव्हॅक हा कॉम्प्युटर बनत होता. आता मशीन वेगवान, पण वह्या तशाच. जुना तुकडा नव्या प्रोग्रॅममध्ये वापरायचा तर त्यातला प्रत्येक पत्ता बदलावा लागे, कारण मेमरीतली जागा बदललेली असे. म्हणजे ओळीओळीला हाताने बेरीज. माणसं बेरजेत चुकायची, उतरवताना चुकायची, इंग्रजी बी चा १३ होऊन बसायचा. मग चूक शोधण्यात दिवस जायचे.

हॉपर यांचा प्रश्न साधा होता. उतरवणं आणि बेरीज, ही दोन्ही कामं मशीन बिनचूक करतं. मग ती माणसाने का करायची?

त्यांनी तुकडे गोळा केले, तपासले, प्रत्येकाला एक ओळख क्रमांक दिला आणि सगळे टेपवर ठेवले. ही झाली लायब्ररी. आता प्रोग्रॅमरने फक्त क्रमांकांची यादी आणि कुठली संख्या कुठे जाईल एवढं द्यायचं. ए-० हा प्रोग्रॅम टेपवरून तुकडे उचलणार, पत्ते बदलणार आणि तयार प्रोग्रॅम दुसऱ्या टेपवर लिहिणार. त्यांनी त्याला कंपायलर म्हटलं, कारण तो तुकड्यांचं संकलन करतो. आजच्या भाषेत त्याला लिंकर म्हणणं जास्त बरोबर ठरेल. आणि लायब्ररीची कल्पना एकट्या त्यांची नव्हती, केंब्रिजला एडसॅक मशीनवर डेव्हिड व्हीलर आणि मंडळी तेच करत होती.

एक अडचण मात्र खरी मजेशीर होती. प्रोग्रॅम मागे उडी मारत असेल तर प्रश्न नाही, तो तुकडा कुठे ठेवला हे माहीत असतं. पण पुढे उडी मारायची असेल तर? पुढचा तुकडा अजून टेपवरून आलेलाच नाही, त्याचा पत्ता कुठून आणणार? टेप पुन्हा पहिल्यापासून फिरवायची त्यांची तयारी नव्हती. उत्तर सापडलं कॉलेजातल्या बास्केटबॉलमध्ये. बॉल घेऊन पुढे पळता येत नसेल तर तो बाजूच्या खेळाडूकडे टाकायचा, आपण पुढे जायचं आणि परत घ्यायचा. त्यांनी मेमरीच्या टोकाला एक कोपरा राखून ठेवला. पुढची उडी आधी त्या कोपऱ्यात. खरा तुकडा आला की त्याचा पत्ता कोपऱ्यात लिहायचा, की उडी तिथून पुढे जाते. एका फेरीत काम झालं.

१९५२ मध्ये ए-० चालत होता. तरी बरेच जण हात लावायला तयार नव्हते, कॉम्प्युटर फक्त गणित करतो, प्रोग्रॅम कसा लिहील, असं त्यांना वाटे. पुढची आवृत्ती ए-२ १९५३ मध्ये ग्राहकांकडे गेली, तीही सोर्स कोडसकट, आणि सुधारणा केल्यात तर आम्हाला पाठवा या निरोपासह. ओपन सोर्स हा शब्द तेव्हा नव्हता, पण गिटहबवर आज जे चालतं त्याचं बीज यात दिसतं.

मग त्यांना वाटलं, क्रमांकच कशाला, सूचना सरळ इंग्रजी शब्दांत का नकोत? कंपनीतल्या वरिष्ठांना पटवायला त्यांनी तोच नमुना फ्रेंच आणि जर्मन शब्दांनीही चालवून दाखवला. मशीनला शब्द हे नुसते चिन्हांचे गठ्ठे, भाषा कुठलीही असो. झालं उलटंच! अमेरिकेत बनलेल्या कॉम्प्युटरला फ्रेंच कशी समजेल म्हणून वरिष्ठ बिथरले, आणि यापुढे फक्त इंग्रजी असं ठरलं. मराठी कीबोर्डवाल्या आपल्यासारख्यांना हा किस्सा जरा टोचतोच.

यातून फ्लो-मॅटिक आली आणि तिच्या आधारावर, १९५९ मध्ये बसलेल्या समितीतून, कोबॉल. हॉपर त्या समितीच्या सल्लागार होत्या, कोबॉल प्रत्यक्ष लिहिणारे हात दुसरे होते. डिसेंबर १९६० मध्ये तोच कोबॉल प्रोग्रॅम दोन वेगळ्या कंपन्यांच्या मशीनवर, युनिव्हॅक २ आणि आरसीए ५०१ वर, जवळजवळ काही न बदलता चालला.

नौदलाने त्यांना १९६६ मध्ये निवृत्त केलं आणि पुढच्याच वर्षी सहा महिन्यांसाठी परत बोलावलं. ते सहा महिने १९८६ पर्यंत चालले! व्याख्यानांना जाताना त्या सुमारे ३० सेंटीमीटर लांबीचे तारेचे तुकडे घेऊन जायच्या. वीज एका नॅनोसेकंदात जास्तीत जास्त किती लांब जाऊ शकते, हे लोकांच्या हातात द्यायला. ऑफिसातलं घड्याळ उलटं फिरणारं होतं, आणि वेळ मात्र बरोबर दाखवायचं.

१ जानेवारी १९९२ ला, ८५ व्या वर्षी त्या गेल्या. लिनक्स तेव्हा जेमतेम काही महिन्यांचं होतं.