ट्राम येण्याआधीची दोन वर्षे

दहावीच्या सहलीत आपण अलिबागला गेलो होतो. किल्ल्यात जायला ओहोटी लागेपर्यंत सगळे किनाऱ्यावर भेळ खात बसलो होतो. जवळच चुंबकीय वेधशाळा आहे असे भूगोलाच्या बाईंनी सांगितले, पण कोणी मान वळवूनही पाहिले नाही. मीही नाही. ती वेधशाळा तिथे नेणाऱ्या माणसाची गोष्ट मला फार उशिरा कळली, म्हणून ती या स्मरणिकेत लिहिते आहे. बाई वाचतील अशी आशा आहे.

नानाभॉय अर्देशीर फ्रामजी मूस यांचा जन्म १८५९ चा. अभियांत्रिकी शिकून ते एडिनबरोला गेले, तिथली बीएस्सी घेऊन परतले आणि एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवू लागले. १८९६ साली ते कुलाबा वेधशाळेचे संचालक झाले. त्याआधी आपले बाळशास्त्री जांभेकर यांनी काही काळ तिथला कारभार पाहिला होता, पण कायमचे संचालकपद मिळालेले मूस हे पहिले भारतीय. दोन वर्षांनी त्यांनी तिथे भूकंपमापकही बसवला.

कुलाब्याला पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी १८४१ पासून होत होत्या. सुरुवातीच्या काळात माणसे दर तासाला डोळ्यांनी सुईची स्थिती पाहून वहीत लिहीत, आणि सुई अस्वस्थ दिसली की दर पाच-पंधरा मिनिटांनी. मूस यांच्या हाती आली ती ही जवळजवळ अखंड मालिका. त्याच सुमारास मुंबईत घोड्यांच्या ट्रामच्या जागी विजेच्या ट्राम आणायचे घाटू लागले.

ट्रामने सुईला काय होते? ट्रामची वीज तारेतून येते आणि रुळांतून परत जाते. परतताना थोडी जमिनीत झिरपते. जिथे वीज वाहते तिथे चुंबकीय क्षेत्र तयार होते, म्हणजे दर गाडीसरशी सुई हलणार. पृथ्वीची हालचाल कोणती आणि ट्रामची कोणती, हे मग कोणी सांगायचे? साठ वर्षांची वही तिथेच संपली असती.

मूस यांनी ट्रामशी भांडण्यापेक्षा जागा बदलली. अलिबाग मुंबईपासून सरळ रेषेत सुमारे ३० किलोमीटर, मध्ये समुद्र, आणि ट्राम येण्याची भीती नाही. (अलिबागला आजही प्रवासी रेल्वे नाही. तिथले लोक त्यावर कुरकुर करतात, सुईची तक्रार नसावी.) इमारतीसाठी मात्र स्थानिक दगड चालणार नव्हता. आपल्याकडचा काळा पाषाण काय किंवा जांभा काय, दोन्हींत लोहखनिज असते. म्हणून पोरबंदरचा वाळूचा दगड आणला. लोखंडाला मज्जाव होता.

आता मला सगळ्यांत आवडलेला भाग. इमारत झाली म्हणून त्यांनी कुलाबा बंद केले नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी चालू ठेवल्या. जागा बदलली की आकडा बदलतोच, आणि तो फरक किती हे एकदा नक्की कळले की जुनी मालिका नव्या मालिकेला जोडता येते. मग १९०६ मध्ये कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी थांबल्या. विजेची पहिली ट्राम धावली ती १९०७ च्या मे महिन्यात.

एका कंपनीत आम्ही जुनी प्रणाली शुक्रवारी रात्री बंद करून सोमवारी नवी सुरू केली होती. दोन्ही महिनाभर सोबत चालवू, असे मी बैठकीत एकदा म्हटले, खर्चाचा विषय निघाला आणि मी गप्प बसले. पुढे सहा महिन्यांनी आकडे खरेच घसरले की मोजण्याची रीत बदलली, हे कोणालाच सांगता येईना. मलाही नाही.

१९१० मध्ये मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदी आणि त्यांची चर्चा दोन जाडजूड खंडांत छापली. सगळी बेरीज-वजाबाकी हाताने. त्यांत चुंबकीय वादळांचा अभ्यास आहे. वादळ सुरू झाल्या क्षणापासून तास मोजायचे आणि अनेक वादळांची सरासरी काढायची. असे केल्यावर सगळ्यांची एकच चाल दिसते: क्षेत्र आधी किंचित वाढते, मग काही तासांत घसरते आणि सावरायला दिवस लागतात. आज जमिनीचे चुंबकीय सर्वेक्षण करून मातीखालची जुनी भट्टी किंवा भिंत शोधणारे संशोधकही एक यंत्र एका जागी स्थिर ठेवतात आणि दिवसभरातला हा चढउतार आपल्या मोजणीतून वजा करतात.

मूस १९१९ ला निवृत्त झाले आणि १९३६ साली वारले. त्यांच्या जन्मवर्षीच, सप्टेंबर १८५९ मध्ये, प्रचंड सौर वादळ झाले होते. त्या दिवशी कुलाब्याच्या कोणा निरीक्षकाने लिहिलेले आकडे २००३ साली शास्त्रज्ञांनी पुन्हा काढले: क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने खाली गेले होते. ती वही जिला जोडलेली आहे ती अलिबागची मालिका अजून चालू आहे.

पुढचे संमेलन अलिबागला घ्यायचे म्हणतात. वेधशाळेची परवानगी मिळवायचे काम माझ्याकडे द्या. किल्ल्या, मोबाईल आणि केसांच्या पिना बहुधा बाहेरच ठेवाव्या लागतील.