पंडिता रमाबाई आणि पवित्र शास्त्राच्या मूळ भाषा

आमच्या जालन्याच्या परिसरात बेथेल हे नाव सर्वांच्या परिचयाचे आहे. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर ख्रिस्ती लोकांसाठी जे गाव वसविले, त्याचे हे नाव होय. शब्द इब्री भाषेतला आहे. बेथ म्हणजे घर आणि एल म्हणजे देव. याकोबाने स्वप्नात शिडी पाहिली, त्या ठिकाणाला त्याने हेच नाव दिले. मिस्सेच्या वेळी आपण आमेन, आलेलुया व होसान्ना हे शब्द उच्चारतो, त्यांचे मूळही याच भाषेत आहे. परंतु मुखी असलेल्या शब्दाचा अर्थ मनात उतरला नाही तर त्याचा लाभ काय? हा प्रश्न जिने जन्मभर मनाशी बाळगला आणि उत्तरासाठी अखेर इब्री व ग्रीक या भाषांचे दार ठोठावले, त्या महाराष्ट्रकन्येचे चरित्र या ज्युबिलीच्या प्रसंगी वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथील अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे थोर संस्कृत पंडित होते. स्त्रियांनी देववाणी शिकू नये अशा समजुतीच्या त्या काळात शास्त्रीबुवांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविले, आणि त्याबद्दल विद्वानांसमोर आपल्या कृतीचे समर्थनही केले. लक्ष्मीबाईंनी ती विद्या आपल्या मुलीस दिली. हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडून पुराणे वाचीत असे. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना संस्कृतचा गंधही नसे. श्रवणानेच पुण्य लागते अशी त्यांची श्रद्धा होती. न समजणाऱ्या पवित्र ग्रंथाची ही अवस्था रमाबाईंनी बालपणापासून पाहिली होती, हे ध्यानात ठेवले म्हणजे त्यांच्या पुढील आयुष्याची दिशा उमगते.

१८७४ च्या सुमारास दुष्काळात आई, वडील व थोरली बहीण काळाने ओढून नेली. रमाबाई व बंधू श्रीनिवास पायी देश हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. त्याच नगरात ख्रिस्ती मंडळींनी त्यांना संस्कृत बायबल भेट दिले. पण आश्चर्य असे की, ज्या संस्कृतात त्या वाढल्या, त्याहून ही रचना इतकी निराळी होती की तिचा अर्थ त्यांना लागेना. पुढे बंधू निवर्तले. १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पतीच्या ग्रंथसंग्रहात त्यांना बंगाली भाषेतील लूककृत शुभवर्तमान सापडले, आणि ते मात्र त्यांनी आवडीने वाचले. विद्वानांच्या भाषेतील ग्रंथाने जे साधले नाही, ते लोकभाषेतील एका लहान पुस्तकाने साधले.

१८८२ साली पती पटकीने वारले. लहानगी मनोरमा कडेवर घेऊन रमाबाई पुण्यास आल्या, आणि १८८३ मध्ये इंग्लंडास गेल्या. तेथे वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या आश्रमात २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. पतित स्त्रियांची त्या भगिनी करीत असलेली सेवा, आणि योहानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची कथा, या दोन गोष्टींनी त्यांचे मन जिंकले होते.

येथून त्यांच्या जीवनातील खरा झगडा सुरू झाला. त्रैक्याचे रहस्य, प्रभूचे ईश्वरत्व, ख्रिस्तसभेचा अधिकार, या सिद्धांतांविषयी त्या चेल्टनहॅमच्या विद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील व भगिनी जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून वाद करीत. केवळ गुरुजन सांगतात म्हणून मान्य करणे त्यांना जमेना. शास्त्रात काय आहे ते दाखवा, हा त्यांचा आग्रह. एकदा क्रूसावर लॅटिन अक्षरे कोरण्याची गोष्ट निघाली, तेव्हा आपल्या प्राचीन संस्कृतपेक्षा लॅटिन अधिक पवित्र कशी, असे त्यांनी विचारले. लॅटिनवर प्रेम करणाऱ्या आम्हां कॅथॉलिकांना हा प्रश्न बोचेल; पण तो उर्मटपणाचा नव्हता. देवाने आपल्याशी बोलताना कोणत्याही एका राष्ट्राच्या भाषेत स्वतःस कोंडून घेतले नाही, एवढेच त्यात गर्भित होते.

१८८९ साली मुंबईस शारदा सदन, आणि पुढे दुष्काळपीडित मुलींसाठी केडगावचे मुक्ती सदन, ही त्यांची कार्ये सर्वश्रुत आहेत. त्यांचा विस्तार येथे करीत नाही. मात्र नावाविषयी एक शब्द. यशया संदेष्ट्याने नव्या नगरीच्या तटांना तारण हे नाव मिळेल असे म्हटले आहे, त्यावरून मुक्ती हे नाव आले. मूळ इब्रीत तेथे येशुआ हा शब्द आहे. आणि आपल्या प्रभूचे नाव त्याच धातूपासून निघाले आहे. भाषांतरात लपलेले असे नाते मूळ शब्दापाशी गेल्यावरच दिसते.

१९०५ च्या सुमारास, वयाच्या पन्नाशीकडे झुकत असता, रमाबाईंनी संपूर्ण बायबल मूळ इब्री व ग्रीक भाषांतून मराठीत आणण्याचे काम आरंभिले. प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर शब्द खेड्यातील बाईला कळत नाहीत, आणि कळले तरी त्यांच्यासोबत दुसऱ्याच दर्शनाचे अर्थ येतात, ही त्यांची तक्रार होती. एक उदाहरण आम्ही देतो. इब्रीतील रूआख या शब्दात वारा, श्वास व आत्मा हे तिन्ही अर्थ आहेत. आत्मा म्हटले की वेदान्त ऐकलेल्या माणसाच्या मनात प्रत्येकाचे अंतस्थ, ब्रह्माशी एकरूप असे तत्त्व उभे राहते. उलट शास्त्रातील आत्मा हा देवाकडून येणारा, जीव देणारा श्वास आहे. शब्द एकच, पण सिद्धांत निराळा! फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तपुराणात लोकांच्या परिचयाचे पुराणाचे रूप व वैकुंठासारखे शब्द निःशंकपणे ख्रिस्ताच्या सेवेस लावले होते. रमाबाईंनी उलट वाट धरली. दोन्ही वाटा श्रोत्यावरील प्रेमातून निघाल्या होत्या.

मुक्ती सदनातील स्त्रियांनीच खिळे जुळविले, कागद छापले, पुस्तके बांधली. उतारवयात रमाबाईंना ऐकू येईनासे झाले. १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमाबाई आईच्या आधी देवाघरी गेल्या. तरीही हातातील काम थांबले नाही. शेवटची मुद्रिते तपासून झाल्यावर थोड्याच दिवसांनी, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्यांनी देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. मंडळ्यांमधून बायबल सोसायटीचेच भाषांतर वाचले जात राहिले. रमाबाईंचे फारसे रुळले नाही. म्हणून श्रम वाया गेले असे आम्ही म्हणणार नाही. ज्यांना शास्त्र ऐकण्याचाही अधिकार नाकारला होता, त्यांच्यातीलच एकीने ते मूळातून आणावे, हीच मोठी साक्ष होय.

रमाबाई कॅथॉलिक नव्हत्या. शास्त्र व ख्रिस्तसभेची परंपरा यांना आम्ही एकत्र मानतो, आणि एकट्याच्या बुद्धीवर अर्थ सोपवीत नाही. येथे आमची व त्यांची वाट वेगळी होते. परंतु मूळ भाषांचे प्रेम आमच्याच घरचे आहे. संत जेरोम बेथलेहेमात इब्री शिकले, आणि त्यांच्यासोबत पावला ही रोमन विधवा व तिची कन्या युस्टोकियमही ती भाषा शिकल्या. केडगावच्या मायलेकींची आठवण कोणास होणार नाही? पोप बारावे पायस यांनी १९४३ साली मूळ भाषांच्या अभ्यासास उत्तेजन दिले, आणि १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मूळातून केलेल्या भाषांतरांचा, विभक्त बंधूंच्या सहकार्याने केलेल्यांचाही, मार्ग मोकळा केला.

आपणांपैकी प्रत्येकाला इब्री शिकणे शक्य नाही. पण मिस्सेत वाचलेला उतारा घरी मुलाबाळांसमवेत पुन्हा वाचावा, आणि न कळलेल्या शब्दाविषयी धर्मगुरूंना निःसंकोच विचारावे, इतके तर कोणासही साधेल. देवाचा शब्द आपल्या घरात नुसता ऐकला न जाता समजला जावो, हीच या ज्युबिली वर्षी त्या प्रभूच्या चरणी प्रार्थना.