क्रांतिसिंह नाना पाटील आणि ओढ्याकाठच्या भट्ट्या

कृष्णा आणि वारणा या नद्यांच्या खोऱ्यात उसाबरोबर गुऱ्हाळ आले आणि गुऱ्हाळाबरोबर गूळ आला. उत्तम गूळ कऱ्हाड-सांगलीच्या पेठेत जाई. पावसाने पाघळलेला, काळवंडलेला, कुजलेला गूळ मात्र गावातच राही, आणि त्याला वेगळे गिऱ्हाईक होते. गुळाचे पाणी, नवसागर आणि एखाद्या झाडाची साल घालून बंद केलेली मडकी ओढ्याकाठच्या खड्ड्यात पुरली जात. ‘रसायन’ कितपत चढले, फेस निवला की नाही, हे पाहायला घरातले कोणी तरी अंधारात जाऊन येई. भट्टी कोणत्या रात्री लागणार याची कुणकुण गावाला आदल्या दिवशीच असे. पोलिसपाटलालाही ती नसे असे नाही. ‘पहिल्या धारेची’ हा मराठीत कौतुकाने वापरला जाणारा शब्दप्रयोग या भट्टीतूनच बाहेर पडला आहे. घरच्या घरी दारू गाळण्याचा हा उद्योग सातारा जिल्ह्यातील कित्येक खेड्यांत इंग्रजी कायद्याला न जुमानता चालत आला होता. १९४३ नंतरच्या तीन वर्षांत त्याला हात घातला तो इंग्रजी राज्याने नव्हे, तर त्या राज्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या दुसऱ्या एका सरकारने. त्या प्रतिसरकारचे नेते म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटील.

नाना रामचंद्र पिसाळ यांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० रोजी वाळवा तालुक्यातील बहे-बोरगाव येथे झाला. गाव येडेमच्छिंद्र. पाटीलकीमुळे आडनाव मागे पडले आणि पाटील हेच नाव रूढ झाले. हा सारा मुलूख तेव्हा सातारा जिल्ह्यात मोडत असे. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे नानांचे चरित्र सातारचे की सांगलीचे, हा वाद दोन्ही जिल्ह्यांनी आपापल्या सोयीने सोडवलेला आहे. शालेय शिक्षणानंतर त्यांना तलाठ्याची नोकरी मिळाली. धिप्पाड देहयष्टीच्या या तरुणाला दप्तर सांभाळण्याचे काम कितपत मानवले असेल कोण जाणे, परंतु त्या दप्तराने त्यांना गाव आतून दाखवले. सारा कोणाचा थकला, जमीन कोणाकडे गहाण पडली, सावकाराच्या वहीत कोणाचा अंगठा आहे, हे तलाठ्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक नसते. शेतकऱ्याचे घर एका बाजूने सावकार आणि दुसऱ्या बाजूने दारू पोखरत होती, हे त्यांनी सरकारी कागदावरच पाहिले असणार. १९३० मध्ये सविनय कायदेभंगाच्या चळवळीत त्यांनी ही नोकरी सोडली.

दारूच्या प्रश्नाला त्या काळी आणखी एक बाजू होती. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने दारू गाळणे व विकणे हा परवान्याचा विषय केला होता. मक्तेदाराने दुकान मांडून विकलेली दारू कायदेशीर ठरे आणि घरी गाळलेली गुन्हा ठरे. फरक नशेचा नव्हता, महसुलाचा होता. आबकारीचे उत्पन्न प्रांतिक सरकारच्या तिजोरीचा मोठा आधार होता, त्यामुळे दारूविरोध हा सुधारणेचा विषय राहता राहता राजकारणाचा विषय झाला. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८० मध्येच पुण्यातील दारूच्या वाढत्या दुकानांना नगरपालिकेकडे लेखी विरोध नोंदवला होता. लोकमान्य टिळकांच्या अनुयायांनी १९०८ मध्ये पुण्यात दारूच्या दुकानांवर पहारे केले. महात्मा गांधींनी १९२१ व १९३० च्या आंदोलनांत दुकानांसमोरील निरोधन हा देशव्यापी कार्यक्रम केला. सातारा जिल्ह्यात सत्यशोधक चळवळीची मुळे खोल गेली होती आणि गांधीजींची चळवळही तेथे वेगाने पसरली. एरवी परस्परांकडे संशयाने पाहणारे हे दोन प्रवाह नाना पाटलांच्या ठिकाणी एकत्र आले. दारूबंदी हा दोहोंना समान असलेला मुद्दा होता.

नोकरी सोडल्यानंतरच्या बारा वर्षांत नाना अनेकदा तुरुंगात गेले. बाहेर असत तेव्हा गावोगाव सभा घेत. त्यांचे वक्तृत्व पुस्तकी नव्हते. शेतातली, बाजारातली, कीर्तनातली भाषा ते व्यासपीठावर आणत. ऐकणाऱ्याला हसवता हसवता त्याच्याच घरातील कर्ज, हुंडा, दारू आणि कोर्टकज्जे त्याच्यासमोर मांडत. लग्नातील उधळपट्टी टाळण्यासाठी हार आणि काही मोजक्या शब्दांत उरकणारे ‘गांधी विवाह’ त्यांनी पुरस्कारले आणि ते भागात रुजलेही. कर्ज काढून लग्न आणि लग्नात दारू, ही साखळी कोठे तरी तोडायची तर ती मांडवातच तोडली पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते.

ऑगस्ट १९४२ मध्ये ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि सातारा जिल्हा पेटला. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात तासगाव, वडूज, इस्लामपूर या तालुक्यांच्या ठिकाणी कचेऱ्यांवर प्रचंड मोर्चे निघाले. वडूज आणि इस्लामपूर येथे पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. यानंतर कार्यकर्त्यांनी मोर्चाचा मार्ग सोडला आणि ते भूमिगत झाले. पोलिसांचे सारे लक्ष त्यांच्या शोधाकडे वळल्यामुळे खेड्यांत एक विचित्र पोकळी निर्माण झाली. दरोडेखोर आणि गावगुंड मोकाट सुटले. काही ठिकाणी ते चळवळीचेच नाव सांगू लागले. लोकांचा आधार टिकवायचा असेल तर आधी लोकांना संरक्षण दिले पाहिजे, या जाणिवेतून १९४३ मध्ये प्रतिसरकारची उभारणी झाली. कुंडलचे जी. डी. बापू लाड, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी, किसन अहिर असे अनेक तरुण त्याचे प्रमुख शिलेदार होते. तुफान सेना हे त्याचे दल होते आणि न्यायदान मंडळे हे त्याचे न्यायालय. शेणोली येथे ७ जून १९४३ रोजी लुटलेल्या रेल्वेची कथा आजही सांगितली जाते. परंतु प्रतिसरकार तीन वर्षे तगले ते अशा धाडसांपेक्षा रोजच्या कारभारामुळे, असेच म्हणावे लागेल.

या कारभारात दारूबंदीला वरचे स्थान होते. भट्टी कोठे लागते हे गावाला माहीत असतेच. प्रश्न असतो तो सांगण्याचा. पोलिसांना सांगितले तर हप्ता वाढतो आणि सांगणारा वैरी ठरतो. प्रतिसरकारचे कार्यकर्ते मात्र त्याच गावचे, त्याच भावकीतले असत. त्यांच्यापासून ओढ्यातली मडकी लपवणे अवघड होते. दारू गाळणाऱ्यास आधी समज दिली जाई आणि भट्टी मोडली जाई. न ऐकणाऱ्याला शिक्षा होई. या मोहिमेमागे नीतीइतकाच व्यवहारही असावा. भूमिगतांची सारी सुरक्षितता गावाच्या मौनावर अवलंबून होती आणि गुत्त्यावर बसलेल्या माणसाचे तोंड कोणाच्या ताब्यात राहत नाही. खबऱ्यांच्या शोधात असलेल्या पोलिसांना दारूचा अड्डा ही आयती जागा होती.

शिक्षांचा विषय मात्र सहज ओलांडून जाण्यासारखा नाही. गुन्हेगाराच्या तळपायांवर काठीचे तडाखे मारण्याच्या शिक्षेवरून लोकांनी या सरकारला ‘पत्री सरकार’ म्हणायला सुरुवात केली. पायाला पत्री ठोकतात ही दंतकथा त्यातून पसरली आणि तिचा धाक प्रत्यक्ष शिक्षेपेक्षा मोठा ठरला. खबऱ्या, दरोडेखोर, जुलमी सावकार यांच्यावर हा दंडुका पडला तेव्हा खेड्यांनी समाधान मानले. भट्टी लावणारा मात्र नेहमीच गुंड नव्हता. गावकुसाकडेला राहणारी, जमीन नसलेली कुटुंबे या धंद्यावर जगत. त्यात बायकांचे कष्ट मोठे असत. भट्टी मोडल्यावर त्या चुलीवर काय शिजायचे, याचे उत्तर पोलिसांपासून पळत राहणाऱ्या सरकारकडे पुरेसे असणे शक्य नव्हते. गौरवग्रंथांत ही बाजू फारशी येत नाही. तिच्या जोडीला दुसरी बाजूही ठेवली पाहिजे. दारूड्या नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईची तक्रार ऐकून घेणारे, आणि तिला तालुक्याच्या कोर्टाचे हेलपाटे न घालायला लावता निकाल देणारे न्यायासन तोवर त्या खेड्यांनी पाहिले नव्हते. बायकांनी भूमिगतांना भाकरी पुरवल्या, निरोप पोचवले, हत्यारे दडवली, त्यामागे केवळ देशभक्ती नव्हती. या सरकारने आपल्या घराकडे पाहिले, ही भावनाही होती.

नानांची कन्या हौसाताई पाटील यांच्या आयुष्यातील एक प्रसंग या संदर्भात वारंवार सांगितला जातो. भवानीनगर येथील पोलीस ठाण्यासमोर नवरा बायकोला बेदम मारतो आहे असा देखावा उभा करण्यात आला. ती बायको म्हणजे हौसाताई. भांडण सोडवायला पोलीस बाहेर आले आणि तेवढ्यात साथीदारांनी ठाण्यात शिरून हत्यारे पळवली. मारझोडीचे दृश्य खरे वाटावे इतके ते त्या काळी परिचयाचे होते, हे या हकिगतीतून ओघानेच कळते. हौसाताईंचे निधन २०२१ मध्ये झाले.

जवळजवळ चार वर्षे नाना पोलिसांच्या हाती लागले नाहीत. त्यांना पकडण्यासाठी बक्षीस जाहीर झाले. घरावर जप्ती आली, जमीन सरकारजमा झाली. अज्ञातवासातच त्यांच्या मातोश्रींचे निधन झाले आणि पकडले जाण्याचा धोका पत्करून त्यांनी अंत्यसंस्कार केले. कुंडलसारखी गावे औंध संस्थानात होती आणि संस्थानाच्या हद्दीचा भूमिगतांना मोठा उपयोग झाला. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्येच प्रजेच्या हाती कारभार सोपवला होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या आसऱ्याचा अर्थ उलगडतो. १९४६ मध्ये काँग्रेसचे मंत्रिमंडळ पुन्हा अधिकारावर आले, वॉरंटे मागे घेतली गेली आणि नाना कऱ्हाड येथे लोकांसमोर प्रकट झाले. प्रतिसरकारचे काम थांबले.

पुढची कथा थोडी वेगळ्या वळणाची आहे. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने १९३९ मध्ये मुंबई शहरापुरती सुरू केलेली दारूबंदी, त्या मंत्रिमंडळाच्या राजीनाम्यामुळे, अर्धवट राहिली होती. स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाई यांच्या आग्रहाने १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि १९५० पासून बंदी सर्वत्र लागू झाली. जे काम नानांच्या कार्यकर्त्यांनी गावच्या बळावर केले ते आता शिपाई, पंचनामा आणि खटला यांच्या बळावर व्हायचे होते. झाले उलटेच. परवान्याची दुकाने बंद पडली आणि हातभट्टीला सुगीचे दिवस आले. कायद्याला तर कुजक्या गुळाचीसुद्धा व्याख्या करावी लागली. हप्ता पुन्हा सुरू झाला, आणि या वेळी तो स्वराज्याच्या पोलिसाला द्यावा लागे. १९६० च्या दशकात राज्याने परवान्यांचे नियम सैल केले. १९७३ मध्ये देशी दारूचे नियम करून तिला अधिकृत स्थान दिले. त्याच सुमारास कृष्णाकाठी सहकारी साखर कारखाने उभे राहिले होते. कारखान्यांच्या मळीपासून मद्यार्क तयार होऊ लागला. ओढ्याकाठी गुळाच्या मडक्यात होणारी क्रिया आता मोठमोठ्या टाक्यांत, सरकारी निरीक्षकाच्या नजरेखाली होऊ लागली आणि तिचा महसूल पुन्हा सरकारच्या तिजोरीत जमा होऊ लागला. तलाठ्याच्या दप्तरावर बसलेल्या तरुण नानांना हे गणित अनोळखी वाटले नसते.

नाना तोवर काँग्रेसपासून दूर गेले होते. स्वातंत्र्य आले, पण कुळाची जमीन आणि कष्टकऱ्याची मजुरी तेथेच राहिली, या असमाधानातून ते शेतकरी कामगार पक्षात आणि नंतर कम्युनिस्ट पक्षात गेले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या सभांना माणसांचा पूर लोटे. १९५७ च्या निवडणुकीत साताऱ्याने त्यांना लोकसभेवर पाठवले. दहा वर्षांनी, १९६७ मध्ये, ते थेट मराठवाड्यातील बीड मतदारसंघातून निवडून आले. ज्या भागाशी प्रतिसरकारचा काही संबंध नव्हता तेथील शेतकऱ्यांनी त्यांना मत दिले, हे त्यांच्या वाणीचे आणि राहणीचे यश मानावे लागेल. दिल्लीत गेल्यावरही धोतर, सदरा आणि पटका सुटला नाही. मालमत्ता अशी त्यांनी काही जमवली नाही.

उतारवयात शरीर थकले. जुने सहकारी वेगवेगळ्या पक्षांत विखुरले होते. कोणी कारखाने काढत होते, कोणी शाळा. कुंडल आणि वाळवा येथील मंडळींशी असलेला त्यांचा जिव्हाळा मात्र तुटला नाही. ६ डिसेंबर १९७६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार अंत्यसंस्कार येडेमच्छिंद्रला न होता कृष्णाकाठी वाळवा येथे झाले.