काट्याने काटा

वरून हिरवीगार व कोवळी दिसणारी काकडी चिरावी आणि आत पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसाव्यात, असा अनुभव तुमच्यापैकी पुष्कळांना आला असेल. ही करणी फळमाशीची. मादी फळाची साल टोचून तिच्याखाली अंडी घालते. अळ्या आतील गर खाऊन वाढतात आणि मग मातीत शिरून कोश करतात. वरून फवारलेले औषध फळातील अळीपर्यंत पोहोचत नाही. अशा या लपून बसणाऱ्या शत्रूला जिंकण्याची एक युक्ती टेक्सासमधील एका शेतकऱ्याच्या मुलाला सुचली. आणि तीही फळांकडे पाहून नव्हे, तर गुरांच्या जखमांकडे पाहून.

एडवर्ड निपलिंग यांचा जन्म २० मार्च १९०९ रोजी अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील पोर्ट लव्हाका येथे झाला. त्या मुलुखात स्क्रूवर्म नावाच्या किडीने गुरे पाळणाऱ्यांना जेरीस आणले होते. हिची माशी जनावराच्या लहानशा ओरखड्यातही अंडी घाली. पुष्कळ माशांच्या अळ्या मेलेल्या मांसावर जगतात. हिच्या अळ्या मात्र जिवंत मांस पोखरीत. नुकत्याच जन्मलेल्या वासराची ओली नाळदेखील तिला पुरेशी होई. जखम चिघळत जाई आणि धडधाकट जनावर थोड्याच दिवसांत दगावे. शेतावर वाढलेल्या निपलिंग यांनी हे सारे बालपणापासून पाहिले होते.

कीटकशास्त्राचे शिक्षण घेऊन १९३१ साली ते सरकारी शेतकी खात्यात रुजू झाले. टेक्सासमधील मेनार्ड येथील प्रयोगशाळेत रेमंड बुशलँड हे त्यांचे सहकारी होते. रक्त मिसळलेल्या मांसाच्या खिम्यावर या अळ्या हव्या तितक्या वाढविण्याची रीत बुशलँड यांनी बसविली. अशा माशांचे निरीक्षण करताना निपलिंग यांच्या ध्यानी एक गोष्ट आली. नर अनेक माद्यांशी जोडा जमवितो. मादी मात्र आयुष्यात एकदाच. तो एकुलता एक जोडीदार निर्बीज निघाला, तर तिची सारी अंडी फुकट जाणार!

त्यांनी कागदावर हिशेब मांडला. तुम्हीही तो करून पाहा. समजा, एका प्रदेशात दहा लक्ष माद्या व तितकेच नर आहेत. तेथे वीस लक्ष निर्बीज नर सोडले, तर तीनपैकी एकाच मादीला चांगला जोडीदार मिळेल. पुढील पिढीत माद्या उरतील सुमारे ३,३३,०००. पुन्हा वीस लक्ष नर सोडले, तर सातांतील एकीलाच चांगला जोडीदार मिळून त्या ४७,००० वर येतील. तिसऱ्या खेपेस अकराशेवर. आणि चौथ्या खेपेस एकही राहणार नाही. विषाचे नेमके उलट असते. माशा जितक्या विरळ होतात, तितके त्यांना शोधून मारणे कठीण. येथे मात्र त्या जितक्या विरळ, तितकी निर्बीज नरांची सरशी मोठी.

हिशेब चोख होता. पण लक्षावधी माशा निर्बीज करायच्या कशा? आधीच त्रस्त झालेल्या मुलुखात आणखी माशा सोडण्याची ही कल्पना अनेकांना हास्यास्पद वाटली. पुढे महायुद्ध आले. सैनिकांना उवांपासून होणाऱ्या ज्वरातून वाचविण्यासाठी डीडीटीचा उपयोग करण्याच्या संशोधनात निपलिंग गुंतले. त्या भुकटीने असंख्य प्राण वाचले. तिचे दुष्परिणाम जगाला पुढे कळले.

१९५० साली हर्मन मुलर या शास्त्रज्ञाचा एक लेख त्यांच्या पाहण्यात आला. पिकल्या केळ्यांभोवती घोंघावणाऱ्या चिलटांवर मुलर यांनी क्ष-किरणांचे प्रयोग केले होते, आणि त्या किरणांनी चिलटे निर्बीज होतात असे त्यांना आढळले होते. निपलिंग यांनी त्यांना पत्र लिहिले. उत्तर आशादायक आले. बुशलँड यांनी एका लष्करी रुग्णालयातील क्ष-किरण यंत्र मिळवून कोशांवर प्रयोग केले. किरण थोडे पडले तर उपयोग होईना, फार पडले तर नर दुबळे होत. अखेर योग्य प्रमाण सापडले.

फ्लॉरिडाजवळील सॅनिबेल बेटावर पहिली कसोटी झाली. माशा कमी झाल्या. पण किनारा जवळ असल्याने तिकडून नव्या माद्या येतच राहिल्या. दूरचे बेट हवे होते. ते क्युरासावच्या रूपाने लाभले. १९५४ साली तेथे विमानातून निर्बीज माशा सोडल्या आणि काही महिन्यांतच बेटावरील शेळ्यांच्या जखमांत एकही अळी दिसेना. १९५९ पर्यंत फ्लॉरिडाही मुक्त झाला. असा विजय राखावा मात्र लागतो. मेक्सिकोतून हटविलेली ही कीड २०२४ साली तेथे पुन्हा आढळली.

आता आपल्या काकडीकडे वळू. निपलिंग हे सरकारी कीटक-संशोधन विभागाचे प्रमुख असताना, १९६३ साली प्रशांत महासागरातील रोटा बेटावरून काकडी-भोपळ्यावर पडणारी फळमाशी याच रीतीने नाहीशी झाली. फळमाशीची मादी एकापेक्षा अधिक वेळा जोडा जमवू शकते. तरीही निर्बीज नरांची संख्या पुरेशी प्रचंड असली की ही युक्ती साधते, हे दिसून आले. सर्वांत मोठा प्रयत्न जपानने केला. या माशीच्या भयाने ओकिनावा बेटांवरील कारली देशाच्या इतर भागांत नेण्यास बंदी होती. १९७२ पासून दोन दशकांत तेथे पन्नास अब्जांहून अधिक निर्बीज माशा सोडण्यात आल्या. १९९३ साली ती बेटे माशीमुक्त ठरली आणि कारल्यांना जपानभरची बाजारपेठ खुली झाली.

१९९२ साली निपलिंग व बुशलँड यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. १७ मार्च २००० रोजी, एक्याण्णवाव्या वाढदिवसाला तीन दिवस उरले असताना, निपलिंग यांचे निधन झाले.